‘आम्ही’ आणि ‘आपण’ : गिरणगावाच्या साहित्याचे दोन स्वर

१

प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी मराठीत दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. ‘आम्ही या चाळीत राहतो’ आणि ‘आपण या चाळीत राहतो’ या दोन वाक्यांत चाळ तीच असते, राहणारेही तेच असू शकतात. परंतु पहिल्या वाक्यात समोरचा पाहुणा किंवा परका ठरतो, दुसऱ्यात तो शेजारी होतो. मराठी माणूस हा भेद व्याकरणाचे पुस्तक न उघडता लहानपणापासून पाळतो. ज्या शहरात कोण आतला आणि कोण बाहेरचा हा प्रश्न निवडणुकांपासून दंगलींपर्यंत सर्व काही ठरवत आला, त्या शहराच्या साहित्यात मात्र हा भेद केवळ व्याकरणाचा राहू शकत नाही.

गिरणगावावरील मराठी साहित्याचा विचार करताना आपल्या समीक्षेने सामान्यतः एकच चौकट वापरली आहे. हे साहित्य ऱ्हासाचे, विस्थापनाचे, एका जगाच्या अस्ताचे साहित्य आहे, अशी ती चौकट. तिच्यात अनुभवाची सच्चाई हा मुख्य निकष ठरतो. चाळीतील खोलीचे वर्णन किती अस्सल आहे, बोली किती जिवंत आहे, दुःख किती उत्कट आहे, यांवरून कृतीचे मोल केले जाते. हे निकष चुकीचे नाहीत, परंतु ते अपुरे आहेत; कारण ज्या दुःखातून हे साहित्य उभे राहिले त्याच दुःखावर मुंबईत उजव्या टोकाचे, भूमिपुत्रवादी राजकारणही पोसले गेले. शोक एकच असताना त्यातून दोन परस्परविरोधी दिशा फुटत असतील, तर शोकाची उत्कटता हा निकष त्या दोहोंमध्ये फरक करू शकत नाही. फरक करायचा तर शोक करणारा ‘आम्ही’ म्हणतो की ‘आपण’, हे पाहावे लागते.

२

प्रथम वस्तुस्थिती. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली. पुढच्या शतकात लालबाग, परळ, शिवडी, वरळी, चिंचपोकळी, भायखळा या पट्ट्यात गिरण्या, चाळी, खानावळी, व्यायामशाळा आणि भजनी मंडळे यांचे जे दाट जाळे विणले गेले त्याला गिरणगाव हे नाव पडले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही, आणि हळूहळू कापडापेक्षा कापड विणण्याची जमीनच अधिक किमतीची झाली. सुमारे सहाशे एकरांची ही जमीन शहराच्या मधोमध होती.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ क्रमांकाच्या नियमाने या जमिनीची स्थूलमानाने तीन भागांत वाटणी सुचवली होती : एक भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली या नियमात बदल झाला. वाटणी सर्व जमिनीची न राहता केवळ मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीची झाली. ज्या आवारात शेडच शेड आहेत तेथे मोकळी जमीन ती किती असणार? वाटणीतला सार्वजनिक हिस्सा त्यामुळे नाममात्र उरला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली या बदलाविरुद्ध निर्णय दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. एका सर्वनामाइतकाच लहान बदल, आणि शहराचा मध्यभाग बदलून गेला.

श्रमिकांच्या वस्तीत सधन वर्ग शिरतो, भाव चढतात आणि मूळ रहिवासी बाहेर फेकले जातात, या प्रक्रियेला रूथ ग्लास या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ साली लंडनच्या संदर्भात नाव दिले. मराठीत तिला ‘उच्चभ्रूकरण’ म्हणतात. परंतु हा शब्द विद्यापीठाबाहेर फारसा गेला नाही. लोकांच्या तोंडी ‘टॉवर आले’ एवढेच असते. या दोन शब्दांत कर्ता नाही. पाऊस यावा तसे टॉवर येतात. कोणी आणले, कोणत्या नियमाने आणले, कोणत्या सभागृहात तो नियम संमत झाला, हे वाक्य सांगत नाही. कर्ता नसलेली ही वाक्यरचना पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे. कारण रिकामी राहिलेली कर्त्याची जागा फार काळ रिकामी राहत नाही.

३

गिरणगावाच्या कवितेतील ‘आपण’चा सर्वांत समर्थ आविष्कार नारायण सुर्व्यांचा होय. सुर्वे हे रस्त्यावर सापडलेले मूल. गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने त्यांना घरी आणले आणि आपले नाव दिले. या चरित्रविषयक तपशिलाचा उपयोग समीक्षेने बहुधा सहानुभूतीसाठी केला. वास्तविक त्याचे महत्त्व वैचारिक आहे. ज्याला जात, गाव, कुळ यांपैकी काहीच जन्माने मिळालेले नाही, त्या कवीला शहरावर हक्क सांगायचा तर जन्माचा दाखला पुढे करता येत नाही. त्याच्यापाशी एकच दाखला असतो, तो श्रमाचा. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२), ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) आणि ‘जाहीरनामा’ (१९७५) या संग्रहांतील ‘मी’ एकवचनी दिसला तरी तो सतत माणसे गोळा करीत जातो, आणि ती गोळा करताना त्यांचा धर्म वा प्रांत विचारीत नाही. दंगलीत मारल्या गेलेल्या याकूब नालबंदवाल्याचा शोक या कवितेत नात्यातल्या माणसाचा शोक होऊन येतो, तो याच कारणाने. सुर्व्यांचा ‘मी’ म्हणजे ‘आपण’चे एकवचन आहे.

ही दृष्टी एकट्या सुर्व्यांची नव्हती. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मुंबईवरील मराठी माणसाचा हक्क गाऊन मांडला, तेव्हा त्या हक्काचा आधारही श्रमच होता. मुंबई मराठी भाषकाची, कारण ती त्याने राबून उभी केली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, तो दिवस कामगार दिन असावा, यातही हा सांधा दिसतो. ‘मराठी’ आणि ‘कामगार’ हे दोन शब्द तेव्हा एकमेकांचा अर्थ सांगत होते.

परंतु या ‘आपण’चे गुणगान करताना त्याच्या मर्यादा झाकता येत नाहीत. गिरणीच्या साचेखात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. वस्तुतः अधिक मजुरीचे काम राखून ठेवण्यासाठी हे विटाळाचे कारण सोयीचे होते. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार नेत्यांपुढे रोखठोक ठेवला. ज्या एकजुटीत विणण्याच्या खात्याचे दार एका समाजाला बंद, ती एकजूट कोणाची, असा त्याचा आशय होता. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली, आणि श्रमिकांच्या त्याच वस्तीत भागवत जाधव हा तरुण मारला गेला. स्त्रियांची कथाही अशीच. गिरण्यांतून त्यांची संख्या घटत गेली. शेकडो कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका गिरणगावाच्या अर्थव्यवस्थेचा कणा होत्या, पण ‘कामगार’ या शब्दात त्या मोजल्या गेल्या नाहीत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले, तेव्हा कुठे त्यांच्या श्रमाला संघटित रूप आले. ‘आपण’ हे सर्वनाम उदार असले, तरी ते कोणाच्या वतीने उच्चारले जाते हे तपासावे लागतेच.

४

प्रचलित कथन असे आहे : संप फसला, गिरण्या बंद पडल्या, पोरे बेकार झाली, आणि म्हणून ती टोळ्यांकडे व उग्र अस्मितेच्या राजकारणाकडे वळली. हे कथन साहित्यात इतके रुळले आहे की त्याचा कालक्रम कोणी तपासत नाही. शिवसेनेची स्थापना १९ जून १९६६ ची. संपाच्या जवळजवळ सोळा वर्षे आधीची. गिरण्यांचे भोंगे तेव्हा रोज वाजत होते. परळच्या दळवी बिल्डिंगमधील गिरणी कामगार युनियनच्या कार्यालयावर हल्ला झाला तो डिसेंबर १९६७ मध्ये. कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला तो जून १९७० मध्ये. आणि त्याच वर्षी झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांचा पराभव करून वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार झाले. म्हणजे ‘आम्ही’ हे सर्वनाम गिरणगावात विध्वंसाच्या आधीच घर करून बसले होते. ऱ्हासाने ते जन्माला घातले नाही. ऱ्हासाने त्याला इंधन पुरवले.

हे घर कसे झाले, याची एक साहित्यिक नोंद भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’त आहे. ते पुस्तक १९६५ चे. त्यावर अश्लीलतेचा गदारोळ झाला, आणि त्या गदारोळात त्याचे खरे निरीक्षण हरवले. नाक्यावर उभी राहणारी ही पोरे उपाशी नाहीत. त्यांना उपसर्ग पोहोचतो तो निरर्थकतेचा. त्यांचे ‘आम्ही’ कोणत्याही कामातून आलेले नसते. सोबत उभे राहण्यातून आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला न्याहाळण्यातून ते तयार होते. नाक्यावरचा गट हा पाहणाऱ्यांचा गट असतो, आणि ज्याला पाहिले जाते तो आपोआप बाहेरचा होतो. पाध्यांनी या गटाला ना झेंडा दिला ना शत्रू. पुढच्याच वर्षी दोन्ही त्याला राजकारणाने पुरवले.

ते कसे पुरवले गेले, हेही भाषेच्या अंगाने पाहण्याजोगे आहे. ‘मार्मिक’ साप्ताहिकात ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली निरनिराळ्या आस्थापनांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या प्रसिद्ध होत. यादी हा साहित्यप्रकार सुर्व्यांच्याही कवितेत आहे. तेथे नावे एकत्र येतात ती माणसे जोडण्यासाठी. येथे नावे एकाखाली एक येतात ती माणसे वेगळी काढण्यासाठी. या यादीत कथा नाही, प्रसंग नाही, कारण नाही. केवळ आडनावे आहेत. नोकऱ्या का मिळत नाहीत, या गुंतागुंतीच्या प्रश्नातील कर्त्याची रिकामी जागा ती एका क्षणात भरून टाकते. मथळ्यातील उपरोध वाचकाला डिवचतो. तो सरळ आज्ञेहून अधिक परिणामकारक ठरतो. याद्यांचा रोख पुढे बदलत गेला. दाक्षिणात्य मागे पडले, मुसलमान आले, नंतर उत्तर भारतीय आले. नावे बदलली तरी रचना तीच राहिली. १९९२-९३ च्या दंगलींत ती रचना रस्त्यावर उतरली आणि तिने काय केले, ते श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात नोंदलेले आहे.

वॉल्टर बेंजामिन यांनी १९३६ च्या कलाकृतीविषयक निबंधाच्या अखेरीस फॅसिझमचे एक लक्षण सांगितले आहे. मालमत्तेचे संबंध आहेत तसेच ठेवून तो जनसमूहाला व्यक्त होण्याची संधी देतो. तिचा हक्क मात्र देत नाही. मुंबईच्या बाबतीत ‘फॅसिझम’ हा शब्द सरसकट लावणे इतिहासाला धरून होणार नाही. येथील शाखा नळाच्या, संडासाच्या, शाळाप्रवेशाच्या तक्रारी घेत होती, रुग्णवाहिका पाठवीत होती. वस्तीच्या दैनंदिन जीवनात तिचे असणे खरे होते, आणि ते डाव्या संघटनांच्या कार्यालयांपेक्षा पुष्कळदा अधिक जवळचे होते. परंतु व्यक्त होणे आणि हक्क मिळणे यांतील बेंजामिन यांचा भेद येथे नेमका लागू पडतो. ‘मुंबई आमची’ हे वाक्य चौकाचौकांत व्यक्त होत राहिले, आणि त्याच काळात मुंबईची जमीन हातोहात जात राहिली. २००५ साली दादरची कोहिनूर गिरणी क्रमांक ३ लिलावात ४२१ कोटी रुपयांना विकली गेली. ती घेणाऱ्यांत शिवसेनेचे माजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांचे पुत्र आणि तेव्हा शिवसेनेत असलेले राज ठाकरे यांच्या कंपन्या होत्या. यात कायद्याचा भंग शोधण्याचे प्रयोजन नाही. प्रश्न सर्वनामाचा आहे : ‘आमची’ या शब्दातील ‘आम्ही’ नेमके कोण होते, याचे उत्तर त्या खरेदीखताने दिले.

५

संपोत्तर साहित्याकडे या पार्श्वभूमीवर वळले, की जयंत पवारांचे स्थान निराळे दिसू लागते. ‘अधांतर’ हे नाटक १९९७ साली रंगमंचावर आले. त्याच वर्षी जानेवारीत दत्ता सामंतांची हत्या झाली होती. चाळीतल्या एका खोलीत धुरी कुटुंब आहे. एक मुलगा लेखक होऊ पाहतो, एक क्रिकेटच्या धुंदीत जगतो, तिसरा नरू टोळीच्या वाटेने जातो, आणि आई घर कसेबसे धरून आहे. या नाटकाची प्रशंसा वास्तवदर्शी शैलीसाठी झाली, आणि ती रास्तच होती. पण त्याची खरी ताकद त्याने जे नाकारले त्यात आहे. त्याने या घराला शत्रूचे आडनाव दिले नाही. खोलीतील माणसे एकमेकांवर ओरडतात, एकमेकांना दोष देतात. कर्त्याची जागा रिकामी आहे आणि ती रिकामीच ठेवून नाटककार प्रेक्षकाला अस्वस्थ करतो. एखादा परप्रांतीय दुकानदार खलनायक म्हणून उभा केला असता, तर प्रेक्षागृहातील निम्म्या लोकांना हायसे वाटले असते. ‘अधांतर’ ते हायसे वाटू देत नाही.

असे असले तरी, एका खोलीच्या नेपथ्याची काही किंमत असते. मोर्चा, गेटसभा, युनियनचे कार्यालय हे सारे दाराबाहेर राहते. मराठी रंगभूमीला कौटुंबिक नाटकाची जी जुनी सवय आहे तिच्यामुळे वर्गाची शोकांतिका घराची शोकांतिका होऊन येते. खोलीत ‘आपण’ उरत नाही. उरते ते ‘आमचे घर’. २०१० साली महेश मांजरेकर यांनी याच नाटकावरून ‘लालबाग परळ’ हा चित्रपट केला, तेव्हा ही मर्यादा अधिक स्पष्ट झाली. पडद्यावर चाळीची हिंसा ठसठशीत झाली, आणि ती पाहायला जे प्रेक्षक आले त्यांतील काहींनी तो चित्रपट गिरणीच्याच जमिनीवर उभ्या असलेल्या चित्रपटगृहात पाहिला असणार. आपलाच अंत तिकीट काढून पाहण्याची सोय उच्चभ्रूकरणाने करून ठेवली आहे.

पवारांच्या कथांनी ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न केला. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या संग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याचे शीर्षकच एक संपूर्ण विधान आहे. फिनिक्स हा राखेतून पुन्हा स्वतःच उठणारा पुराणपक्षी. फिनिक्स ही लोअर परळची गिरणीही, जिच्या आवारात नव्वदीच्या अखेरीपासून करमणुकीची केंद्रे आणि दुकाने येत गेली. मिथकाच्या नियमाने राखेतून तोच पक्षी उठायला हवा. येथे मोर उठतो. जळाले एक आणि उठले दुसरेच. आणि जे उठले ते पिसारा दाखवणारे, पाहण्यासाठीच असलेले. ‘पुनर्विकास’ या शब्दातील ‘पुनर्’ हा उपसर्ग खोटा आहे, हे इतक्या थोड्या अक्षरांत मराठीत दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही. त्याच सुमारास जाहिरातींतून लोअर परळचे ‘अपर वरळी’ होऊ लागले होते. जमीन विकण्याआधी नाव विकावे लागते, हे बिल्डरांनाही कळले होते. लेखकाने ते नाव परत घेतले.

‘वरनभातलोन्चा नि कोन नाय कोन्चा’ या कथेत तर ‘वासूनाका’च्या पोरांची पुढची पिढी भेटते. बालगीताच्या लयीतल्या या शीर्षकात शेवटी ‘कोणी कोणाचे नाही’ हा निष्कर्ष आहे. ‘आपण’ संपले, ‘आम्ही’नेही काही दिले नाही, आणि सर्वनामच उरले नाही, असा हा तळ. कोवळ्या वयातील हिंसा येथे कोणत्याही ध्वजाखाली होत नाही. उजव्या राजकारणाचा हा सर्वांत कठोर लेखाजोखा म्हणावा लागेल : ज्या पोरांच्या नावाने ते उभे राहिले त्यांच्या हाती अखेर झेंडाही राहिला नाही.

६

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. साहित्याने चळवळीचा अहवाल व्हावे काय? शोकांतिकेकडून लढ्याची मागणी करणे म्हणजे जुन्या प्रचारवादाकडे परतणे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. ‘अधांतर’मध्ये शेवटच्या प्रवेशात मोर्चा आणला असता तर नाटक खोटे झाले असते. परंतु प्रश्न एखाद्या कृतीने काय दाखवले नाही हा नसून, समीक्षेने कोणत्या कृती वाचल्याच नाहीत हा आहे.

कारण लढा झाला, आणि तो शब्दांत उमटला. १९८९ साली दत्ता इस्वलकर यांच्या पुढाकाराने बंद गिरण्यांच्या कामगारांची संघर्ष समिती उभी राहिली. देणी, पुन्हा रोजगार आणि घर या मागण्यांसाठी तिने तीन दशके उपोषणे, मोर्चे, न्यायालयीन लढे चालवले. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांच्या घरांचा हक्क शासनाला मान्य करावा लागला. सुमारे दीड लाख अर्ज आले, आणि २०१२ च्या सोडतीत पहिल्या टप्प्यातील साडेसहा हजारांहून अधिक घरांचे वाटप ठरले. मागणीच्या मानाने हे फार थोडे. परंतु या थोड्याचे स्वरूप पाहिले पाहिजे. घराचा अर्ज करणाऱ्याला सिद्ध करायचे होते ते एवढेच, की त्याने, किंवा त्याच्या आई-बापाने, गिरणीत काम केले. कोकणातला, घाटावरचा, तेलंगणातला, उत्तर प्रदेशातला, हिंदू, मुसलमान, बौद्ध असा भेद त्या अर्जात नव्हता. तिकीट, हजेरीपत्र, भविष्यनिर्वाह निधीची पावती हेच दाखले. म्हणजे सुर्व्यांच्या कवितेतला श्रमाचा दाखला चाळीस वर्षांनी सरकारी कचेरीच्या खिडकीवर सादर झाला. इस्वलकर २०२१ साली गेले; त्याच वर्षी जयंत पवारही गेले.

या लढ्याचे वाङ्मय कोठे आहे? ते निवेदनांत, पत्रकांत, न्यायालयातील प्रतिज्ञापत्रांत आणि मुख्यतः साक्षींत आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखतींतून ‘वन हंड्रेड इअर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हा मौखिक इतिहास २००४ मध्ये सिद्ध केला. समाजशास्त्रज्ञांनी त्याची नोंद घेतली. मराठी साहित्यसमीक्षेने तो साधनग्रंथ म्हणून बाजूला ठेवला. वास्तविक साक्ष हा मराठीचा जुना आणि समर्थ प्रकार आहे. दलित आत्मकथनांनी तो साहित्याच्या मध्यभागी आणला, तेव्हाही समीक्षेने आरंभी ‘हे साहित्य की दस्तऐवज’ असाच प्रश्न केला होता. साक्षीचे वैशिष्ट्य असे की तिच्यात सूर एक नसतो. एकाच इतिहासात लाल बावट्याचा कार्यकर्ता बोलतो, शिवसैनिकही बोलतो, खानावळवाली बोलते आणि साचेखात्याच्या दाराशी थांबवल्या गेलेल्यांचा वारसही बोलतो. एकसुरी शोकगीताला जे शक्य होत नाही ते अनेक मुखांच्या या रचनेला शक्य होते. ‘आपण’ तिला गृहीत धरता येत नाही. परस्परविरोधी आठवणी एकमेकींशेजारी ठेवून तो तिला कमवावा लागतो. शिवाय साक्षीत वाक्यांना कर्ते असतात. ‘टॉवर आले’ असे न म्हणता कोणत्या वर्षी, कोणत्या सहीने, कोणत्या फाटकाला कुलूप लागले हे साक्षीदार सांगतो. कर्त्याची जागा खऱ्या कर्त्याने भरली, की तेथे परक्याचे आडनाव चिकटवणे कठीण होते.

रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात दाखवले आहे, की हरवलेल्या सुवर्णयुगाचा शोध घेत मागे जावे तसे ते युग प्रत्येक पिढीच्या आणखी एक पायरी मागे सरकत जाते. गिरणगावाच्या स्मरणरंजनाचेही असेच आहे. १९८२ पूर्वी सारे एक होते, हे म्हणताना १९७४ ची वरळी विसरावी लागते, १९७० चे परळ विसरावे लागते, १९२८ चे साचेखाते विसरावे लागते. हे विस्मरण निरागस नसते. ‘पूर्वी आम्ही सारे एक होतो’ या वाक्यापासून ‘मग ते आले’ या वाक्यापर्यंतचे अंतर अगदी थोडे आहे, आणि उजव्या टोकाचे राजकारण त्या अंतरातच उभे असते. मुंबईतच नव्हे, जेथे जेथे श्रमिकांची वस्ती भांडवलाच्या ताब्यात गेली तेथे तेथे त्याने हेच वाक्य वापरले आहे.

७

डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारातील गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून चौदा जण मृत्युमुखी पडले. बातम्यांतून ‘मिल’ हा शब्द त्या दिवशी पुष्कळदा उच्चारला गेला, परंतु तेथे कधी सूत कातले जात होते याची आठवण त्यात क्वचितच होती. नाव उरते आणि अर्थ निघून जातो, तेव्हा ते नाव कोणीही उचलू शकतो : बिल्डर जाहिरातीसाठी, पुढारी भाषणासाठी, आणि लेखकही हळहळीसाठी. या तिसऱ्या शक्यतेविषयी समीक्षेने अधिक सावध असायला हवे, कारण पहिल्या दोन ओळखायला सोप्या आहेत.

गिरणगावाच्या साहित्याचे मूल्यमापन करताना अनुभवाची अस्सलता हा निकष सोडण्याचे कारण नाही. त्याला आणखी दोन प्रश्नांची जोड मात्र द्यावी लागेल. या कृतीतील वाक्यांना कर्ता आहे काय, आणि नसल्यास ती जागा लेखकाने जाणीवपूर्वक रिकामी राखली आहे की केवळ गाफीलपणे? आणि तिचे सर्वनाम वाचकाला आत घेते की बाहेर ठेवते? सुर्व्यांची कविता, पवारांचे नाटक आणि कथा, कामगारांच्या साक्षी या प्रश्नांना निरनिराळी उत्तरे देतात, आणि ती उत्तरे देतात म्हणूनच त्या टिकतात. ज्या कृती केवळ अश्रू मागतात त्यांना ही विचारणा अन्यायाची वाटेल. परंतु अश्रूंवर कोणाची मालकी नसते. ते मोर्चातही वाहतात आणि दंगलीच्या आदल्या सभेतही. साहित्याला त्यांची दिशा ठरवता येत नाही. ते कोणत्या सर्वनामाने ढाळले जातात हे मात्र त्याला ऐकता येते, आणि वाचकाला ऐकवता येते. गिरणगाव आता इमारतींच्या रूपाने परत येणार नाही. ‘आपण’ म्हणण्याची जी रीत तेथे, अपुरी का होईना, घडली होती, ती मराठी भाषेत शिल्लक आहे. ती वापरायची की नाही, हा प्रश्न लिहिणाऱ्याइतकाच वाचणाऱ्याचाही आहे.